सेकंदाला साडेआठ मीटर

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात इंजिनाची आकृती काढण्याआधी फळ्यावर त्याचे आकडे लिहीत. सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक, मिनिटाला फेरे, अश्वशक्ती. आकडे वाचता आले तर आकृती आपसूक दिसायला लागते, असं त्यांचं म्हणणं. आज त्यांच्याच पद्धतीनं दोन इंजिनांचे आकडे शेजारीशेजारी ठेवतो.

पहिलं इंजिन तुमच्या ओळखीचं आहे. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल. 2007 साली ते आपल्याकडे मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं, टाटांच्या गाड्यांत गेलं, पुण्याजवळ रांजणगावला बनलं आणि इतक्या गाड्यांच्या बॉनेटखाली जाऊन बसलं की मोटारवेडे त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. चार सिलिंडर, 1,248 सीसी. सिलिंडरचा व्यास 69.6 मिलिमीटर, स्ट्रोक 82 मिलिमीटर. अश्वशक्ती 75.

दुसरं इंजिन 'एम्मा मर्स्क' या कंटेनर जहाजाचं. 397 मीटर लांबीचं हे जहाज डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या गोदीत बांधलं गेलं आणि 2006 साली समुद्रात उतरलं. त्याच्या मुख्य इंजिनाचं आरेखन स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचं, बांधणी दक्षिण कोरियातल्या दूसान कंपनीची, नाव वार्टसिला-सुल्झर आरटी-फ्लेक्स 96सी. एका ओळीत चौदा सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास 960 मिलिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर. इंजिनाची लांबी सुमारे 27 मीटर, उंची साडेतेरा मीटर, वजन 2,300 टन. नुसत्या क्रँकशाफ्टचं वजन 300 टन. मिनिटाला 102 फेरे आणि सुमारे 1 लाख 9 हजार अश्वशक्ती. एका सिलिंडरमध्ये सुमारे 1,810 लिटर जागा, म्हणजे स्विफ्टचे सुमारे 5,800 सिलिंडर त्यात मावतील.

या इंजिनाचं, किंवा त्याच्या भावंडांपैकी एखाद्याचं, छायाचित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असणार. जपानमधल्या आयोईच्या कारखान्यात उघडा पडलेला क्रँकशाफ्ट आणि त्याच्या शेजारी हेल्मेट घातलेला, अंगठ्याएवढा दिसणारा कामगार. मी आयुष्यभर मोटारींच्या इंजिनांत रमलो आणि माझ्यासारखेच वेडे मित्र जोडत गेलो. कोणी जुन्या जीप दुरुस्त करतो, कोणी रॅलीत गाड्या पळवतो, कोणी रविवारी सकाळी फक्त कार्ब्युरेटर साफ करतो. या सगळ्यांना हे छायाचित्र दाखवलं की एकच गोष्ट घडते. गप्पा थांबतात. जहाज कुठल्या कंपनीचं, माल काय वाहतं, याची चौकशी कोणी करत नाही. पहिला प्रश्न येतो, 'याचा स्ट्रोक किती?'

मोटारवाल्याला जहाजाच्या इंजिनाची एवढी ओढ का लागते, हा माझा आजचा विषय आहे. प्रचंड आहे म्हणून, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. धरणाची भिंतही प्रचंड असते, पण मोटारवाला तिच्यापुढे असा उभा राहत नाही.

मोटारवाल्यांच्या नेहमीच्या फूटपट्टीनं मोजलं तर हे इंजिन नापासच होतं. आम्ही लोक अश्वशक्ती मोजतो ती लिटरमागे आणि किलोमागे. स्विफ्टचं इंजिन लिटरमागे 60 अश्वशक्ती देतं, एम्माचं सव्वाचार. स्विफ्टच्या इंजिनाचं वजन दीडशे किलोच्या आतबाहेर धरलं तर टनामागे 500 अश्वशक्ती पडते, एम्माची टनामागे 47. रस्त्यावर चालणारं कुठलंही इंजिन लिटरमागे सव्वाचार अश्वशक्ती देत असतं, तर मोटारवाल्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. तरी या दुबळ्या इंजिनापुढे ते हरखून उभे राहतात.

आता सरांची पद्धत पुढे नेऊ. आतापर्यंतचे आकडे बाहेरचे झाले. आतले दोन आकडे काढून पाहू.

पहिला आकडा पिस्टनच्या सरासरी वेगाचा. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली जातो, एकदा वर येतो. एम्माच्या इंजिनात स्ट्रोक अडीच मीटर, म्हणजे फेऱ्याला पाच मीटर. मिनिटाला 102 फेरे. वेग येतो सेकंदाला साडेआठ मीटर. आता स्विफ्ट घ्या. स्ट्रोक 82 मिलिमीटर, मिनिटाला 3,100 फेरे धरा, म्हणजे चढावर किंवा ओव्हरटेक करताना सहज दिसणारा आकडा. वेग येतो सेकंदाला साडेआठ मीटर. दोन्हींचा वेग अगदी एक.

दुसरा आकडा सरासरी परिणामी दाबाचा, म्हणजे जळत्या वायूनं कामाच्या स्ट्रोकभर पिस्टनला सरासरी किती जोरानं रेटलं त्याचा. एम्माच्या इंजिनाचा पूर्ण शक्तीवरचा दाब येतो साडेअठरा बार. स्विफ्टचा, 190 न्यूटन-मीटरच्या कमाल टॉर्कवर, येतो 19 बार.

हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलंय असं वाटून पुन्हा केलं. चुकलं नव्हतं. सुमारे सात सेंटिमीटरांपासून जवळपास एक मीटरपर्यंत व्यास वाढला, फेरे तीस पटींनी उतरले, टॉर्क 190 न्यूटन-मीटरांवरून 75 लाखांवर गेला, आणि आत पिस्टन मात्र त्याच वेगानं पळतोय, तेवढाच दाब सोसतोय. याचं कारण असं की पिस्टनचा वेग आणि दाब यांच्या मर्यादा पोलाद, ओतीव लोखंड आणि तेलाचा थर ठरवतात. रिंग आणि लायनर यांच्यामधला तेलाचा थर जहाज ओळखत नाही आणि मोटारही ओळखत नाही. सुल्झरचा अभियंता आणि फियाटचा अभियंता वेगवेगळ्या वाटांनी त्याच भिंतीपाशी येऊन पोचले.

टनामागे अश्वशक्ती का घसरते तेही यातूनच उलगडतं. वेग आणि दाब ठरलेले असले की शक्ती पिस्टनच्या माथ्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून राहते, आणि वजन आकारमानावर. व्यास चौदापट केला तर क्षेत्रफळ चौदाचा वर्ग होतं आणि वजन चौदाचा घन. अंतर साधारण चौदा पटींनी पडतं. टू-स्ट्रोक असल्यामुळे थोडं भरून निघतं, लांब स्ट्रोकमुळे थोडं पुन्हा जातं. एम्माचं इंजिन दुबळं नाही. आपलंच इंजिन त्या आकाराला नेलं तर जे होईल ते आहे.

माझ्या मते मोटारवाल्याची ओढ इथे आहे. तो त्या छायाचित्रात परकं यंत्र पाहत नाही. त्याला स्वतःच्या बॉनेटखालचा, कधी डोळ्यांनी न दिसणारा पिस्टन दिसतो, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा होऊन.

आकार वाढल्यानं काय मिळतं? पहिली गोष्ट मिळते ती वेळ. 3,100 फेऱ्यांवर मोटारीच्या पिस्टनला वरून खाली यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तेवढ्यात इंधन फवारायचं, त्याची हवेशी गाठ घालायची, ते जाळायचं आणि वायूला पसरू द्यायचं. एम्माच्या इंजिनात याच कामाला सेकंदाचे तीन दशांश मिळतात. दुसरी गोष्ट, सिलिंडर मोठा होत जातो तसतसा आतल्या वायूच्या मानानं भिंतींचा पृष्ठभाग कमी पडत जातो, म्हणून उष्णता भिंतींतून निसटण्याऐवजी पिस्टनला ढकलण्यात खर्च होते. तिसरी गोष्ट स्ट्रोकची. स्विफ्टचा स्ट्रोक व्यासाच्या 1.18 पट, एम्माचा 2.6 पट. वायूला पसरायला जितकी लांब वाट, तितकं काम त्याच्याकडून जास्त निघतं. या सगळ्याचा जमाखर्च असा, की हे इंजिन एका किलोवॉट-तासाला साधारण 171 ग्रॅम इंधन घेतं. इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा शाफ्टवर पोचते. मोटारीचं चांगलं डिझेल इंजिन त्याच्या सर्वोत्तम क्षणी 40 टक्क्यांच्या आसपास असतं, आणि पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या गर्दीत तो सर्वोत्तम क्षण येत नाही.

रुडॉल्फ डीझेलला हेच हवं होतं. आपल्या मनात डिझेल म्हणजे ट्रक आणि धूर. त्याच्या मनात होती कार्यक्षमता. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातल्या उष्णतेचा फार थोडा भाग कामी लावत, आणि ही उधळपट्टी त्याला सहन होत नव्हती. ऑग्जबुर्गच्या कारखान्यात चार वर्षं खपल्यावर फेब्रुवारी 1897 मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी त्याच्या इंजिनाची चाचणी घेतली, आणि कार्यक्षमता आली 26.2 टक्के. तीन मीटर उंच, एकच सिलिंडर, शक्ती सुमारे 20 अश्वशक्ती. मोटारीत बसवायचा विचारही करता येणार नाही असं ते यंत्र होतं. म्हणून डिझेल आधी समुद्रावर गेलं. कोपनहेगनच्या बर्माइस्टर अँड वाइन कंपनीनं बांधलेलं 'सेलांडिया' हे जहाज 1912 च्या फेब्रुवारीत बँकॉकच्या सफरीवर निघालं. आठ-आठ सिलिंडरांची दोन फोर-स्ट्रोक डिझेल इंजिनं, प्रत्येकी 1,250 अश्वशक्ती, आणि धुराडं मुळी नाहीच. धूर डोलकाठीतून वर सोडलेला. लंडनला थांबलं तेव्हा ब्रिटिश नौदलाचे मंत्री विन्स्टन चर्चिल ते पाहायला आले. पुढच्याच वर्षी, 1913 च्या सप्टेंबरमध्ये, डीझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्री नाहीसा झाला. डिझेल इंजिनाची प्रवासी मोटार, मर्सिडीज 260 डी, आली ती 1936 साली. मोटारवाले मित्र जहाजाच्या इंजिनाला आपल्या इंजिनाचा मोठा अवतार म्हणतात. घराण्याचा क्रम पाहिला तर थोरली पाती त्याची आहे.

देवाणघेवाण मात्र दोन्ही बाजूंनी झाली, आणि हे मला फार आवडतं. डिझेल इंजिनातला मोठा बदल, कॉमन रेल, म्हणजे दाबानं भरलेल्या एकाच नळीतून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानं सगळ्या सिलिंडरांना इंधन देणं, मोटारींत आला 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 बरोबर. आपलं मल्टिजेट त्याचाच पुढचा टप्पा. समुद्रावर मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनात हीच कल्पना 2001 पासून आली, आणि आरटी-फ्लेक्स या नावातला 'फ्लेक्स' तो हाच. एम्माच्या चौदा सिलिंडरांना कॅमशाफ्ट नाही. झडप कधी उघडायची आणि इंधन कधी सोडायचं ते संगणक ठरवतो. धाकट्यानं शिकलेलं थोरल्यानं उचललं.

आता इंजिनाच्या आत जाऊ, कारण मोटारवाला खरा रमतो तो तिथे.

मोटारीत पिस्टनला कनेक्टिंग रॉड थेट जोडलेला असतो. रॉड तिरका होतो तसा तो पिस्टनला बाजूला रेटतो, आणि पिस्टन लायनरला घासतो. आपण ते घासणं चालवून घेतो, कारण पिस्टन हलका असतो. इथे एकेक पिस्टन साडेपाच टनांचा आहे. म्हणून त्याला खाली सरळ एक दांडा दिलेला असतो, तो दांडा क्रॉसहेड नावाच्या आडव्या तुकड्याला जोडलेला असतो, आणि क्रॉसहेड उभ्या मार्गदर्शक पट्ट्यांत वरखाली सरकतो. तिरकेपणा सुरू होतो तो क्रॉसहेडच्या खाली. बाजूचा सगळा रेटा त्या पट्ट्यांवर जातो आणि पिस्टन लायनरमध्ये अगदी सरळ चालतो. वाफेच्या इंजिनांकडून आलेली ही रचना आहे. इंजिन साडेतेरा मीटर उंच होतं ते तिच्यामुळेच.

तिचा दुसरा फायदा मोटारवाल्याला थक्क करतो. पिस्टनचा दांडा जिथून खाली जातो तिथे एक पडदा असतो आणि त्यात दांड्याभोवती स्टफिंग बॉक्स. वर ज्वलन, खाली क्रँककेस, आणि दोन्हींची तेलं वेगळी. सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल अल्कलीयुक्त असतं. इंधनातल्या गंधकापासून होणाऱ्या आम्लाला ते मारतं आणि जळून जातं. खालचं तेल काजळीपासून दूर राहतं, प्युरिफायरमधून फिरून स्वच्छ होत राहतं, आणि वर्षानुवर्षं तेच चालतं. दर दहा हजार किलोमीटरला तेल बदलणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो आधी विश्वास ठेवत नाही, मग गप्प होतो.

गिअरबॉक्स नाही, क्लच नाही. क्रँकशाफ्ट सरळ प्रॉपेलरला जोडलेला. इंजिन जितके फेरे घेतं तितकेच प्रॉपेलर घेतो, आणि प्रॉपेलर मोठा व संथ असला तरच पाण्यावर नीट पकड घेतो. 102 फेऱ्यांचं मूळ कारण तिथे आहे. मग जहाज मागे कसं नेतात? इंजिन बंद करतात आणि उलट्या दिशेनं सुरू करतात. सुरू करायला स्टार्टर मोटर नसते. 30 बार दाबाची हवा टाक्यांत भरून ठेवलेली असते, ती क्रमाक्रमानं सिलिंडरांत सोडतात, हवेच्या धक्क्यानं 300 टनांचा शाफ्ट फिरू लागतो आणि मग इंधन देतात. उलट फिरायचं तर हवेचा आणि इंधनाचा क्रम उलटा. इंजिन टू-स्ट्रोक, हवा खालच्या खिडक्यांतून येते, धूर माथ्यावरच्या एकाच मोठ्या झडपेतून जातो, म्हणून दोन्ही दिशा त्याला सारख्याच. रिव्हर्स गिअरशिवाय, अख्खं इंजिनच उलटं फिरतं, हे ऐकल्यावर माझ्या एका रॅलीवाल्या मित्रानं कागदावर फायरिंग ऑर्डर मांडून स्वतःची खात्री करून घेतली.

आणि आवाज. मोटारवाला इंजिन कानानं ओळखतो. स्विफ्टच्या चार सिलिंडरांत 3,100 फेऱ्यांवर सेकंदाला शंभरावर स्फोट होतात, ते कानाला सूर म्हणून ऐकू येतात. एम्माच्या चौदा सिलिंडरांत सेकंदाला 24 होतात. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण 20 आहे. म्हणजे हा सूर ऐकण्यापेक्षा पावलांतून आणि पोटातून कळतो. एकाच सिलिंडरजवळ उभं राहिलं तर मिनिटाला 102 ठोके, सिंहगडाचा चढ चढताना आपली नाडी पडते तेवढे. टर्बोचार्जरांची शीळ त्याच्या वर वेगळी असते. जहाजी अभियंते सांगतात की झोपेतसुद्धा हा ठोका बदलला की जाग येते.

माझा एक वर्गमित्र मुंबईत सागरी अभियांत्रिकी शिकून पुढे चीफ इंजिनीअर झाला. त्याच्याकडे मी ही सगळी चित्रं घेऊन गेलो तेव्हा तो म्हणाला, 'अरे, तू हे बाहेरून बघतोस. आम्ही आत उतरतो.' त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मोटारीच्या इंजिनात बोट घालणं मुश्किल. या इंजिनाच्या क्रँककेसला दारं असतात. इंजिन थांबवून, थंड करून, आतली हवा तपासून, टर्निंग गिअर लावून माणसं आत जातात, पायाखाली तेल, अंगावर घाम, हातात बॅटरी, आणि बेअरिंगांच्या फटी मोजतात. एका सिलिंडरचं काम निघालं की त्याला ते युनिट काढणं म्हणतात. माथा उचलायचा, वरच्या क्रेननं पिस्टन बाहेर खेचायचा, रिंगा बदलायच्या, लायनर किती झिजलाय ते वरपासून खालपर्यंत मोजायचं. बंदरात असताना, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ ठरलेली असताना. भर समुद्रात एखादं युनिट बिघडलं तर त्याचं इंधन तोडून उरलेल्या युनिटांवर जहाज पुढे नेता येतं. हे ऐकताना मला मोटारवाल्यांच्या ओढीची दुसरी बाजू कळली. आजची गाडी घ्या आणि बॉनेट उघडा. प्लॅस्टिकचं एक झाकण दिसतं, त्यावर कंपनीचं नाव. स्वतःच्या हातांनी टॅपेट सेट करणाऱ्या माणसाला ते झाकण बोचतं. इंजिन दिसावं, त्याला हात लावता यावा, आत काय झिजलंय ते आपल्याला कळावं, ही त्याची भूक आहे, आणि जगात ती आता जहाजाच्या इंजिन रूममध्ये सगळ्यात पूर्णपणे भागते.

पण त्या दारांमागे धोकाही आहे. क्रँककेसमध्ये एखादा भाग अति तापला, तर तेलाची वाफ होते, ती पुन्हा थंडावून धुक्यासारखी भरते, आणि त्या धुक्याला ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. 11 सप्टेंबर 1947 रोजी 'रेना डेल पसिफिको' हे प्रवासी जहाज युद्धकामगिरीनंतर डागडुजी होऊन उत्तर आयर्लंडजवळ चाचणीला निघालं होतं. त्याच्या इंजिनांत असे स्फोट झाले आणि 28 माणसं गेली. त्यानंतर या विषयावर संशोधन झालं, क्रँककेसच्या दारांवर दाब सोडणाऱ्या झडपा आल्या, तेलाचं धुकं ओळखणारी यंत्रं आली. भिंतीवर इंजिनाचं चित्र लावणाऱ्या प्रत्येकाला हे जहाज माहीत असावं असं मला वाटतं. त्या झडपेच्या प्रत्येक चकतीमागे ते 28 जण आहेत.

आणि इंधन. ही इंजिनं अनेक दशकं जे जाळत आली ते रिफायनरीत सगळं चांगलं काढून घेतल्यावर तळाला उरणारं जड तेल. साध्या तापमानाला ते नीट वाहतही नाही. ते तापवून, प्युरिफायरमधून घाण काढून, इंजेक्टरजवळ शंभर अंशांच्या बऱ्याच वर नेऊन मगच फवारता येतं. एम्माच्या इंजिनात पूर्ण शक्तीवर प्रत्येक सिलिंडरला प्रत्येक फेऱ्याला सुमारे 160 ग्रॅम जातं. दिवसाचा हिशेब सव्वातीनशे टनांवर पोचतो. त्यातल्या गंधकाचा धूर बंदरांवर आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या फुप्फुसांत जात होता. 1 जानेवारी 2020 पासून आंतरराष्ट्रीय नियमानं इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

तरीही त्या सव्वातीनशे टनांकडे पाहून नाक मुरडण्याआधी एक ढोबळ हिशेब ऐका. पंचवीस नॉट वेगानं जहाज दिवसाला सुमारे 1,100 किलोमीटर जातं. कंपनीनं सांगितलेली क्षमता प्रत्येकी 14 टन मालाचे 11,000 कंटेनर. भागाकार केला तर एका भरलेल्या कंटेनरला एक किलोमीटर न्यायला 27 ग्रॅम इंधन लागतं. आपली स्विफ्ट लिटरला वीस किलोमीटर देते असं धरलं, तर एका माणसाला एक किलोमीटर न्यायला ती सुमारे 42 ग्रॅम डिझेल घेते. चौदा टनांना 27 आणि एका माणसाला 42. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरमागे हे गणित आहे. आपल्या घरातल्या किती वस्तू या संथ पिस्टनांनी आणल्या असतील याचा हिशेब मी करून पाहिला नाही, पण करणाऱ्याला तो करता येईल.

विशेष म्हणजे एम्मानंतर जहाजं मोठी झाली, इंजिनाची शक्ती मात्र उतरली. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनानं वाढते. वेग एक पंचमांशानं कमी केला की शक्ती निम्म्यावर येते. 2008 च्या मंदीनंतर आणि तेल महागल्यावर कंपन्यांनी जहाजं मुद्दाम हळू चालवायला सुरुवात केली, आणि 2013 पासून आलेल्या मर्स्कच्या ट्रिपल-ई जहाजांना एका अवाढव्य इंजिनाऐवजी दोन लहान, अधिक संथ इंजिनं दिली. 2020 साली आलेलं 'सीएमए सीजीएम जाक सादे' 23,000 कंटेनरांचं. त्याचं बारा सिलिंडरांचं इंजिन नैसर्गिक वायूवर चालतं, मिनिटाला अवघे 80 फेरे घेतं आणि शक्ती 63,840 किलोवॉट, म्हणजे एम्माच्या इंजिनाहून सोळा हजार किलोवॉटनी कमी. पण त्याचा स्ट्रोक पाहा. व्यास 920 मिलिमीटर, स्ट्रोक 3,468 मिलिमीटर, जवळजवळ पावणेचार पट. अश्वशक्ती कमी आणि स्ट्रोक लांब, ही दिशा मोटारवाल्याला कधीच सुचली नसती. त्याच्या हातात रस्ता होता, ओव्हरटेक होता, सिग्नल होता.

तुमच्यापैकी कोणाला असं इंजिन चालताना पाहायचं असेल तर कोपनहेगनला जा. तिथे डीझेलहाउस नावाचं संग्रहालय आहे. बर्माइस्टर अँड वाइननं वीजघरासाठी बांधलेलं, 1933 साली सुरू झालेलं आठ सिलिंडरांचं इंजिन तिथे जागेवरच उभं आहे. 22,500 अश्वशक्ती, आणि पुढची जवळपास तीस वर्षं जगातलं सर्वांत मोठं डिझेल इंजिन. हे डबल-ॲक्टिंग आहे, म्हणजे पिस्टनच्या वर जसं इंधन जळतं तसंच पिस्टनच्या खालीही जळतं. पिस्टन वर जातानाही काम करतो, खाली येतानाही. ठरावीक रविवारी ते लोकांसाठी सुरू करतात. त्या गर्दीत लहान मुलं असतात, निवृत्त जहाजी असतात, आणि जगभरचे मोटारवेडे असतात, ज्यांनी यासाठी सुट्टीचा एक दिवस काढून ठेवलेला असतो. त्यांना मी दुरूनही ओळखू शकतो. इंजिन सुरू होताना ते वर बघत नाहीत, टॅकोमीटर शोधतात.

रस्त्यावरून पिस्टन हळूहळू निघून चाललाय. मारुतीनं 2020 च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या, मल्टिजेट तिथेच थांबलं, आणि आता विजेच्या गाड्या वाढताहेत. समुद्रावर तसं होणं कठीण आहे, कारण इतकी ऊर्जा बॅटरीत भरून महासागर ओलांडणं आजच्या बॅटरीच्या वजनाला झेपत नाही. म्हणून तिथे इंजिन तेच ठेवून इंधन बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत. 2023 साली 'लॉरा मर्स्क' हे मेथॅनॉलवर चालू शकणारं कंटेनर जहाज आलं. मेथॅनॉलमध्ये किलोमागे ऊर्जा डिझेलच्या निम्म्याहून कमी, म्हणून त्याच कामाला दुपटीहून जास्त इंधन फवारावं लागतं, टाक्याही तशाच मोठ्या लागतात. ते स्वतःहून सहज पेट घेत नाही, म्हणून आधी डिझेलचा बारीक झोत पेटवून त्याच्या ज्योतीवर ते जाळतात. अमोनियावरच्या इंजिनांच्या चाचण्या कोपनहेगन आणि विंटरथूर दोन्हीकडे झाल्या आहेत. अमोनियात कार्बन नाही, पण तो विषारी आहे, आणि ज्या क्रँककेसमध्ये माझा मित्र बॅटरी घेऊन उतरायचा तिथे त्याची गळती म्हणजे काय, हा प्रश्न इंजिन रूममधली माणसं आज विचारताहेत. त्यांना उत्तर मिळेपर्यंत ते इंधन कितीही स्वच्छ असलं तरी तयार झालं असं मी मानणार नाही.

माझी मांडणी इथे संपली. ज्यांना दाबाचा किंवा वेगाचा हिशेब पडताळून पाहायचा असेल त्यांच्यासाठी आकडे बाहेर छापून ठेवले आहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ या.